माथेरानचे बंगले : दोन हंगामांची घरं, बारमाही पाहुणे

माथेरानातले जुने बंगले हॉटेल किंवा होमस्टे म्हणून पुन्हा उभे करताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे: ही घरं वर्षभर राहायला बांधलीच नव्हती.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने हा डोंगर चढले आणि वरच्या गारव्याच्या प्रेमात पडले. लवकरच तिथे घरं उठू लागली. त्यांतलं एक बार हाउस, 1852 चं. पुढे नीमराणा समूहाने ते ‘व्हरांडा इन द फॉरेस्ट’ या नावाने हॉटेल म्हणून चालवलं. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी माथेरानला आश्रय दिल्यावर साहेबांपाठोपाठ मुंबईची पारशी, बोहरा आणि गुजराती धनिक घराणीही वर आली. मुक्काम मात्र एप्रिल-मेचा, आणि फार तर दिवाळीच्या आसपासचा. मृगाच्या आधी सामान आवरून सगळे खाली उतरत आणि बंगला माळ्याच्या हवाली होई. शाकारणी झाली, पावसाच्या अंगाला गवताच्या झड्या बांधल्या, की घर चार महिने बंद.

घराची आखणीही याच हिशेबाने होती. मधोमध उंच छताचा दिवाणखाना, भोवती झोपायच्या खोल्या आणि त्यांना वेढून रुंद व्हरांडा, म्हणजे ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही. धूर नको आणि आगीची भीती, म्हणून स्वयंपाकघर मागे वेगळं. न्हाणीघराला बाहेरून एक दार असे: पाणी आणणारा आणि मैला उचलणारा घरातून न जाता तिथून येत-जात. आज ‘जुन्या काळाची शान’ म्हणून जे विकलं जातं, त्यात हे दारही मोजायला हवं. बहुतेक ठिकाणी आताचं संडास-बाथरूम त्याच जागी बसवतात, कारण पाइप बाहेर काढायला ती भिंत सोयीची पडते.

1907 पर्यंत नेरळहून वर येणारी प्रत्येक वस्तू डोक्यावरून किंवा जनावराच्या पाठीवरून येई. त्यामुळे बांधकामात जांभा, चुना आणि लाकूडच जास्त. त्या वर्षी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून दोन फुटी रुळांची गाडी सुरू झाली, आणि पत्रे, मंगलोरी कौलं, लोखंडी सामान चढवणं सोपं झालं. (कौलांवर पत्रे चढायला पावसाइतकीच माकडंही कारणीभूत आहेत.) मोटारींना आजही दस्तुरीच्या वाहनतळापुढे मज्जाव आहे. तिथून वाळू-सिमेंटची गोणी घोड्यावर किंवा हातगाडीवर जाते, आणि खर्चाचा अंदाज तिथेच कोलमडतो.

खरं नुकसान मात्र त्या गोणीतल्या सिमेंटने केलं आहे. जांभ्याची भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. चुन्याचा गिलावा तिला ते करू देतो. विसाव्या शतकात दुरुस्ती म्हणजे सिमेंटचा गिलावा असं समीकरण झालं. ओल आत कोंडली, क्षार फुलले, पोपडे सुटले आणि भिंतीत रुतलेल्या तुळयांची टोकं कुजली. आता जाणते वास्तुविशारद आधी हा गिलावा खरवडून काढायला लावतात. मग घाण्यात मळलेला, गूळ-हिरड्याचं पाणी घातलेला चुना पुन्हा लावायचा. तो हळूहळू मुरतो, आणि गिऱ्हाइकाला पुढच्या सुटीच्या आत खोल्या हव्या असतात. चुन्याचं काम जाणणारे गवंडीही थोडेच उरलेत.

2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. नवं बांधकाम आणि झाडतोड यांवर बंधनं आली, त्यामुळे उभ्या असलेल्या जुन्या बंगल्यांना भाव आला. त्यातच पावसाळी सहलींची लाट आली. नेरळहून वर येणारी गाडी पावसात बंद असते, तरी लोक येतात. म्हणजे जे महिने घर मिटून ठेवायचे, तेच आता धंद्याचे. गाद्यांना बुरशी, वायरिंगमध्ये ओल, भिंतीला फुगे, अशा तक्रारी जुलैत सुरू होतात. त्यावर एसी बसवला की दारं-खिडक्या बंद होतात आणि छताखालून वाहणारी हवा थांबते.

मालक आणि वास्तुविशारद यांची खडाजंगी बहुधा व्हरांड्यावरून होते. तो काचेने बंद केला तर पावसाची झड थांबते आणि भाड्याला आणखी एक खोली मिळते. उघडा ठेवला तर आतल्या खोल्या उन्हाळ्यात पंख्यावर निभावतात.