मध्यस्थ म्हणजे पंच नव्हे
'मध्यस्थीला गेलं की मध्यस्थ सांगेल ते मानावंच लागतं,' असं कोल्हापूरच्या पेठांत आजही सांगतात. हे खरं नाही. मध्यस्थ निकाल देतच नाही. समजा, शेजारच्या पत्र्याचं पाणी तुमच्या भिंतीवर पडून पोपडे सुटलेत; मग पन्हळ कुठवर आणि कुणाच्या खर्चानं लावायची, हे दोघांनीच ठरवायचं. मध्यस्थ फक्त बोलणं पुढं नेतो, एवढंच. नाही पटलं तर उठून यावं, दावा लढायचा हक्क शाबूत राहतो. तिथलं बोलणं गोपनीय असतं, म्हणून तर माणसं मोकळी होतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली कोर्टानंच मध्यस्थीला पाठवलेल्या दाव्यात तडजोड झाली, तर तिच्यावर हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा बंधनकारक आदेश, होतो. म्हणजे अशी तडजोड 'नुसता कागद' राहत नाही. चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं करा. जाताना भिंतीचे फोटो आणि प्रॉपर्टी कार्ड जवळ ठेवा.