होलिस्टिक ॲडमिशनमध्ये ग्रेडचं वजन किती? शंभर वर्षांची पार्श्वभूमी

अनेक अमेरिकी कॉलेजं ग्रेडबरोबर निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम असं सगळं एकत्र पाहून प्रवेश देतात, त्याला होलिस्टिक ॲडमिशन म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये शिरायचं तर प्रवेश परीक्षा पास व्हावी लागे, आणि पास झालेल्याला बहुधा जागा मिळे. 1900 मध्ये कॉलेज बोर्ड ही प्रवेश परीक्षा घेणारी संस्था स्थापन झाली, पुढच्या वर्षी त्याच्या सामाईक परीक्षा सुरू झाल्या. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची हुशार मुलं या वाटेने मोठ्या संख्येने आत आली. 1922 च्या सुमारास हार्वर्डच्या पहिल्या वर्षात त्यांचं प्रमाण 21 टक्क्यांच्या आसपास पोचलं. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना ते 15 टक्क्यांवर रोखायचं होतं. प्राध्यापकांनी उघड कोटा फेटाळला, पण अर्जाचा नमुना बदलला होता. जन्मानंतर तुमचं किंवा वडिलांचं नाव बदललं आहे का, असा प्रश्न त्यात आला. 1926 पासून पहिल्या वर्षाच्या जागा 1,000 वर बांधल्या गेल्या, अर्जाला फोटो लागू लागला आणि ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन आलं. काही वर्षांत ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण घसरलं. आज ज्या होलिस्टिक पद्धतीचं कौतुक होतं, तिचं मूळ मार्कांना बगल देण्यात आहे, हे स्पष्ट सांगायलाच हवं.

योगायोगाने त्याच वर्षी, 23 जून 1926 रोजी, कॉलेज बोर्डाची पहिली सॅट (कॉलेज प्रवेशाची लेखी चाचणी) झाली. सुमारे 8,000 मुलं बसली होती.

पुढे हीच पद्धत उलट कारणासाठी, म्हणजे अल्पसंख्याकांना आत घेण्यासाठी, वापरली गेली. 1978 च्या ‘बाकी’ (Bakke) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉवेल यांनी राखीव जागा नाकारल्या, पण वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून पाहणारा हार्वर्डचा नमुना योग्य ठरवला. मिशिगन विद्यापीठाने मात्र सगळं आकड्यांत बसवलं होतं. तो तक्ता बघण्यासारखा आहे: एकूण 150 गुण, त्यात शाळेच्या जीपीएला (ग्रेडची सरासरी, सहसा 4.0 पैकी) 80 पर्यंत, सॅटसारख्या परीक्षेला फक्त 12, असामान्य कलागुणांना जास्तीत जास्त 5, अल्पसंख्याक गटातल्या अर्जदाराला सरसकट 20. ग्रेडचं वजन इतकं उघडपणे क्वचितच कुणी लिहून ठेवलं असेल. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गुणपद्धत घटनाबाह्य ठरवली आणि त्याच दिवशी तिथल्याच लॉ स्कूलची प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे वाचण्याची पद्धत वैध ठरवली. तेव्हापासून असे तक्ते उघडपणे ठेवण्याची सोय राहिली नाही. 2023 च्या हार्वर्ड खटल्याने वंशाचा विचारही थांबवला.

याच खटल्यातून ग्रेडबद्दलची सगळ्यात बोलकी माहिती बाहेर आली. 2019 मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी सुमारे 26,000 अमेरिकी अर्ज होते. त्यांपैकी 8,000 हून अधिक मुलांचा जीपीए पैकीच्या पैकी होता आणि जागा होत्या साधारण 1,600. अशा ठिकाणी उत्तम ग्रेड नसतील तर अर्ज बहुधा मागे पडतो, आणि असतील तर तेवढ्याने काहीच ठरत नाही. निबंध, शिफारसपत्रं आणि उपक्रमांना महत्त्व येतं ते या गर्दीमुळे.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत गणित वेगळं आहे. मे 2020 मध्ये त्यांनी सॅटची अट काढायचं ठरवलं आणि ग्रेडचा भार आणखी वाढला. ठरावीक विषयांचे वर्षभराचे 15 कोर्स पूर्ण हवेत, जीपीए मुख्यतः दहावी-अकरावीच्या ग्रेडवर मोजतात. राज्यातल्यांना किमान 3.0, बाहेरच्यांना 3.4. ही नुसती पात्रता झाली, त्यांतल्या नामांकित बर्कलेत प्रवेशासाठी ती अजिबात पुरत नाही.

ग्रेड वाचणारा अधिकारी आकडा एकटा बघत नाही. शाळेकडून येणाऱ्या ‘स्कूल प्रोफाइल’मध्ये कोणते कठीण विषय उपलब्ध होते, गुण कसे दिले जातात, हे असतं. त्यातले विद्यार्थ्याने किती घेतले आणि वर्षागणिक आलेख चढता आहे की उतरता, हे तपासतात. सोपे विषय घेऊन राखलेला 4.0 इथे उघडा पडतो.

महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांची अडचण नेमकी इथेच होते. सहसा नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण लागतात. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे दोन ठिकाणांहून कागद गोळा करावे लागतात. त्यात जेईई-नीटच्या क्लासपायी अकरावी अनेकांनी नावापुरती केलेली असते. अर्ज जातो बारावीच्या निकालाआधी, त्यामुळे हातात असलेलं सगळ्यात ताजं पूर्ण वर्ष अकरावीचंच असतं. दुसरी चूक टक्क्यांचा 4.0 वर स्वतः हिशोब करण्याची. शाळा जीपीए देत नसेल तर कॉमन ॲपमधला (अनेक कॉलेजांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज) तो रकाना रिकामा सोडायचा आणि गुणपत्रिका आहे तशी पाठवायची. प्रवेश मिळाल्यावरही तो सशर्त असतो. बारावीचे गुण फारच घसरले तर कॉलेज खुलासा मागतं, क्वचित प्रवेश रद्दही करतं.