बटण दाबलं, पण सांधा फिरला का?

पॅनल असलेल्या स्टेशनात गाडी घ्यायची वेळ येते तेव्हा स्टेशन मास्तर खिडकीतून सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड, पाहत बसत नाही. पूर्णा जंक्शनाला परभणी, नांदेड आणि हिंगोली अशा तीन बाजूंचे रूळ येऊन मिळतात; अशा ठिकाणचे सगळे सांधे एका खिडकीतून कुणाला दिसणार? सगळी भिस्त असते समोरच्या पॅनलवर, आणि आता बऱ्याच ठिकाणी पॅनलच्या जागी आलेल्या संगणकाच्या पडद्यावर. रूळ रेषांनी काढलेले, रेषांच्या पोटात दिवे. सिग्नलचं आणि मार्गाचं अशी दोन बटणं एकाच वेळी दाबली की मार्ग लागतो. एकावर चुकून कोपर पडलं तर काहीच होत नाही. मार्ग लागून पक्का झाला की त्या रेषेवर पांढरे दिवे, गाडी त्या तुकड्यावर आली की तांबडे.

यातली मेख अशी की दिवा बटणामुळे लागत नाही, सांध्यामुळे लागतो. सांध्याची जीभ, म्हणजे त्यातला सरकणारा टोकदार रूळ, बाजूच्या रुळाला नीट टेकली, हे तिथल्याच विजेच्या संपर्कांनी कळवल्यावर पॅनलवर खूण उमटते. रेल्वेत त्याची परीक्षाही घेतात: जीभ आणि रूळ यांच्या मध्ये ५ मिलिमीटर जाडीची पट्टी धरून सांधा फिरवायचा. सांधा लागल्याची खूण तेव्हा येता कामा नये.

घरातल्या मॉडेल रेल्वेचं पॅनल बहुतेक वेळा याच्या उलट केलेलं असतं. सुंदर गोल बटण, भोवती हिरवं कडं. दाबलं की कडं उजळतं. सांधा मात्र मध्येच अडकलेला, आणि इंजिन आडवं. दिवा सांगतो ते बोटाचं म्हणणं, रुळाचं नव्हे. म्हणून वायर ओढायच्या आधी एकच प्रश्न विचारावा: हा दिवा नेमका कुणाच्या सांगण्यावरून लागणार आहे?

घरचं पॅनल बनवण्याचा पुढचा हिशेब मॉडेल रेल्वेच्या एचओ नावाच्या मापासाठी, म्हणजे १:८७ प्रमाण आणि दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर धरून. (आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज या प्रमाणात १९.३ मिलिमीटर हवा, त्यामुळे बाजारातल्या रुळांवर परळी किंवा लातूर रोड उभं करणारा जरा अरुंद रुळांशी तडजोड करतोच. गंमत म्हणजे कुर्डुवाडी–लातूरच्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिलिमीटर गेज याच प्रमाणात ८.८ येतो, आणि एन या आणखी लहान मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ त्याला जवळजवळ नेमके बसतात.) मांडणी सहा सांध्यांची समजू.

सांधा फिरवणारी मोटर आधी ठरवावी, बटण नंतर. पहिला प्रकार सावकाश फिरणारी मोटर. 'टॉर्टस' नावाची मोटर हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. ती १२ व्होल्ट डीसीवर दोन-तीन सेकंदांत सांधा ढकलते आणि टोकाला जाऊन तशीच दाबून धरते. अडलेल्या अवस्थेतही प्रवाह साधारण १५ मिलिअँपिअरच असतो, त्यामुळे ती तासन् तास चालू राहिली तरी बिघडत नाही. दिशा बदलायची तर प्लस-मायनस उलटे करायचे. दुसरा प्रकार तारेच्या दोन गुंडाळ्यांचा, खाडकन सांधा मारणारा. याला क्षणभराचाच झटका लागतो. गुंडाळीचा रोध ४ ओहम धरला तर १६ व्होल्टवर ४ अँपिअर, म्हणजे ६४ वॅट! अंगठ्याएवढी ती गुंडाळी, बटण अडकून राहिलं तर काही सेकंदांत धूर. सर्व्हो मोटरला सिग्नल देणारा बोर्ड लागतो, तो विषय वेगळा.

सावकाश मोटरसाठी सहा पिनांचा टॉगल स्विच घ्या, ज्याला दुकानात डीपीडीटी म्हणतात. मधल्या दोन पिना मोटरकडे. वरच्या दोन पिनांवर प्लस आणि मायनस. वरची डावी पिन खालच्या उजवीला, वरची उजवी खालच्या डावीला, अशी फुली मारा. आता मोटरकडे जाणाऱ्या दोन वायरींपैकी एक पॅनलवरच तोडून तिच्यात दोन एलईडी बसवा, एकमेकांना समांतर पण तोंडं उलट. एक सरळ मार्गाच्या रेषेवर, दुसरा वळणाच्या. रेझिस्टर लागत नाही, कारण प्रवाहाला लगाम मोटरच घालते. उलट दिशेचा व्होल्टेजही एलईडीला मारत नाही: एक पेटला की त्याच्यावर साधारण २ व्होल्ट पडतात आणि शेजारच्यावर तेवढेच उलटे येतात. एलईडीची सहनशक्ती साधारण ५ व्होल्टची असते.

ही जोडणी स्वस्त आणि देखणी, पण तिचे काही हट्ट आहेत. दोन्ही एलईडी एकाच तोंडाने जोडले गेले तर सांधा एकदा फिरेल आणि परत येणारच नाही. लोक मोटर खोलून बसतात, दोष पॅनलमध्ये असतो. दोनातला एक जळून उघडा पडला तरी हेच लक्षण. क्रॉसओव्हरचे, म्हणजे शेजारच्या दोन रुळांना जोडणाऱ्या तुकड्याचे, दोन सांधे एका स्विचवर घेतले तर दोन मोटरींचा मिळून ३० मिलिअँपिअर होतो आणि साधा ५ मिलिमीटरचा एलईडी २० च्या वर टिकत नाही, म्हणून जोडी एकाच मोटरच्या फांदीत घाला. दुसऱ्या बनावटीची मोटर असेल तर मल्टिमीटरवर तिचा अडलेला प्रवाह आधी मोजा. आणि दिवे डोळ्यांत खुपत असतील तर एलईडींच्या जोडीला समांतर २२० ओहमचा रेझिस्टर टाका. १५ पैकी ९ मिलिअँपिअर तो नेतो, एलईडीला ६ उरतात.

तरीही हा दिवा काय सांगतो? मोटरमधून प्रवाह अमुक दिशेने वाहतोय, एवढंच. बोटापेक्षा एक पायरी खरा, सांध्यापेक्षा एक पायरी कच्चा.

आता उजळणारी बटणं. हार्डवेअरच्या दुकानातला लाल दिव्याचा रॉकर स्विच घेऊन लोक घरी येतात आणि १२ व्होल्टवर तो पेटतच नाही. आतला दिवा निऑनचा असतो, पेटायला ६० ते ९० व्होल्ट मागतो, आणि तो २३० व्होल्टसाठी बनवलेला असतो. तीन पिनांच्या अशा स्विचची तिसरी पिन दिव्याच्या परतीची असते, दुसऱ्या मार्गाची नव्हे. १२ व्होल्टचा मिळाला तरी सांध्याची दिशा बदलायला तो निरुपयोगी. घ्यायचं ते १६ मिलिमीटर भोकात बसणारं, १२ व्होल्ट एलईडीचं, पाच पिनांचं बटण: कॉमन (सामाईक), एनओ (दाबल्यावर कॉमनला जुळणारी), एनसी (न दाबता जुळलेली) आणि दिव्याच्या दोन वेगळ्या पिना. वेगळ्या पिना हाच त्याचा मोठा गुण, कारण दिवा आणि बटण यांचा संबंध आपण ठरवतो. दाबल्यावर अडकून राहणारं की सोडल्यावर उसळणारं, हे पुडीवर वाचून घ्या. दोन्ही दिसायला सारखीच. सावकाश मोटरला अडकून राहणारं हवं.

अडचण अशी की या बटणात एकच संपर्कजोड असते, त्याने प्लस-मायनसची फुली मारता येत नाही. उपाय दोन ॲडॉप्टरचा. सीसीटीव्हीसाठी मिळणारे १२ व्होल्ट १ अँपिअरचे दोन घ्या. एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडा. हा जोड म्हणजे शून्य. एका टोकाला +१२, दुसऱ्याला −१२. मोटरचं एक टोक शून्याला, दुसरं बटणाच्या कॉमनला, एनओ +१२ ला आणि एनसी −१२ ला. सहा मोटरी मिळून ९० मिलिअँपिअर, सहा कडी प्रत्येकी १० धरली तर ६०. अँपिअरभराचा ॲडॉप्टर आरामात पुरतो. जुन्या कॉम्प्युटरचे दोन पॉवर सप्लाय असे जोडू नका, दोघांचा मायनस अर्थिंगला असतो आणि शॉर्ट होतं. दोन्ही टोकांवर १ अँपिअरचा फ्यूज घाला.

कड्याचा दिवा मात्र बटणावरून घेऊ नका. टॉर्टसमध्ये मोटरबरोबर फिरणारे दोन जादा संपर्क असतात. त्यातल्या एकाच्या कॉमनला +१२ द्या. सांधा वळणाला गेल्यावर जुळणाऱ्या टोकावरून वायर आणून कड्याच्या प्लसला जोडा, कड्याचा मायनस शून्याला. मायनस चुकून −१२ ला गेला तर कड्यावर २४ व्होल्ट पडतात आणि ते एकदाच झगझगीत पेटतं. संपर्काच्या दुसऱ्या टोकावरून सरळ मार्गाचा साधा एलईडी घ्या. बटणात रेझिस्टर आतच असतो, साध्या एलईडीला बाहेरून लावायचा: लाल एलईडी २ व्होल्ट खातो, उरले १०, म्हणून २.२ किलोओहमने ४.५ मिलिअँपिअर. हिरवा तेवढ्याच प्रवाहात जास्त प्रखर वाटतो, कारण आपला डोळाच हिरव्याला जास्त संवेदनशील आणि आजचे हिरवे एलईडीही तेजस्वी, त्याला ४.७ किलोओहम पुष्कळ झाला.

या जोडणीची खरी परीक्षा लाइट गेल्यावर होते. लाइट परत आली की दिवे आपोआप बरोबर लागतात, कारण आठवण मोटरच्या अंगात आहे. दिव्याची स्थिती एखाद्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात साठवली असेल तर तो शून्यापासून सुरुवात करतो, आणि सांधे असतात भलतीकडेच. ज्या गावात दिवसाला तीनदा लाइट जाते तिथे हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो.

खाडकन मारणाऱ्या मोटरला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरून एका झटक्यात रिकामा करणारा संच वापरावा. बटण अडकलं तरी मग गुंडाळीत थेंबभरच प्रवाह जातो. पण २४ व्होल्टला भरलेला कपॅसिटर ४ ओहममध्ये सुटतो तेव्हा सुरुवातीचा प्रवाह ६ अँपिअरपर्यंत चढतो, आणि नाजूक उजळत्या बटणाचे संपर्क त्यात चिकटतात. म्हणून उसळणाऱ्या बटणाने १२ व्होल्टचा शुगर क्यूब रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा चौकोनी स्विच, ओढावा, त्याच्या गुंडाळीवर डायोड उलटा टाकावा आणि झटका रिलेच्या संपर्कांतून द्यावा. झटका क्षणात विरतो, त्याच्यावर दिवा लागून राहणार नाही. इथे सांधा ढकलणाऱ्या सळईला लागणारा मायक्रोस्विच, म्हणजे जरासा दाबला तरी पलटणारा छोटा स्विच, बसवण्याला पर्याय नाही.

वायरीचं गणितही यावरूनच. लॅनच्या केबलमधली अर्ध्या मिलिमीटरची तार मीटरला ०.०८४ ओहम. पॅनल ते सांधा ४ मीटर, जाऊन-येऊन ८, रोध ०.६७ ओहम. सावकाश मोटरच्या १५ मिलिअँपिअरला यात शंभरांश व्होल्ट जातो, म्हणजे काहीच नाही. पण ४ अँपिअरच्या झटक्यात पावणेतीन व्होल्ट जातात आणि सांधा अर्ध्यावर थांबतो. तिथे १ चौरस मिलिमीटरची वायर ओढा.

पॅनलचा पत्रा म्हणून ३ मिलिमीटर ॲक्रिलिक चांगलं, मागून छापील व्हिनाइल चिकटवून. फ्लेक्स छापणारे दोन्ही करून देतात. १६ चं भोक एकदम पाडू नका. मागे प्लायवूड दाबून धरा, ३ च्या बिटाने सुरुवात करा आणि पायऱ्यांच्या बिटाने हळू वाढवा, नाहीतर शेवटच्या क्षणी तडा जातो. एलईडी ग्लू गनने चिकटवू नयेत. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, त्यात पॅनलवर ऊन आलं तर तो गोंद मऊ पडतो आणि दिवे आत घसरतात. इपॉक्सी वापरा. कपॅसिटरही १०५ अंशांचा मागा. ८५ चा स्वस्त पडतो, पण दर १० अंश उष्णतेला आयुष्य साधारण निम्मं होतं.

काही महिन्यांनी दिवे लुकलुकायला लागतात आणि दोष एलईडीला दिला जातो. बहुधा दोष संपर्काचा असतो. १० अँपिअरचा दणकट मायक्रोस्विच ५ मिलिअँपिअरसाठी वापरला तर चांदीच्या संपर्कावर साचणारा पातळ थर जाळून टाकण्याएवढा प्रवाहच त्याला मिळत नाही. मोठा स्विच म्हणजे चांगला स्विच, हे इथे खोटं ठरतं. दिव्यासाठी सोन्याचा मुलामा असलेला लहान स्विच घ्या. त्यात काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. शिवणयंत्राचं तेल घातलं की धुळीचा चिखल होतो.

सगळं जोडून झालं की रेल्वेचीच परीक्षा घ्या. ५ मिलिमीटरचे ८७ भाग केले तर ०.०६ मिलिमीटर येतात, कागदापेक्षाही पातळ. तेवढं कुठलाही साधा मायक्रोस्विच ओळखत नाही. म्हणून लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा दुमडून जीभ आणि रूळ यांच्या मध्ये धरा आणि बटण दाबा. टॉर्टसचे आतले संपर्क इथे नापास होतील, ते मोटर निम्म्यावर गेली की पलटतात. ज्या सांध्यावर इंजिन वारंवार घसरतं तिथे सळईच्या टोकाला वेगळा मायक्रोस्विच बसवावा. कागद असताना कडं उजळलं तर मायक्रोस्विच सळईपासून केसभर लांब सरकवा, स्क्रू आवळा आणि पुन्हा कागद धरा.