तीन लिटरचा इन्स्टंट आणि बिनटाकीचा हीटर

नेरुळला मावशी राहते ती सिडकोची जुनी चार मजली इमारत. तिचं घर सगळ्यात वर, पाण्याची टाकी बरोब्बर डोक्यावर. डिसेंबरात तिचा फोन आला. "अरे, तू गीझरच्या कारखान्यात आहेस ना? मग आमच्या चिरंजीवांनी हे काय आणून बसवलंय ते येऊन बघ. नळ सोडला की मिनिटभर कढत, मग एकदम गार. बंद करून परत सोडलं की परत तेच. आणि खोक्यावर लिहिलंय इन्स्टंट!"

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या युनिटमध्ये हीटरच्या डिझाइनचं काम करतो. रविवारी ट्रान्स-हार्बरने नेरुळ गाठलं. बाथरूममध्ये जुना तीन लिटरचा गोल डबा होता तिथे आता जेवणाच्या डब्याएवढी चपटी पांढरी पेटी. जुना बिघडला म्हणून मुलाने ऑनलाइन "तसाच पण नवीन मॉडेलचा" मागवला होता. घोळ इथेच झाला होता, कारण हा तसाच नव्हता. आपल्याकडे दुकानदार, प्लंबर, वायरमन सगळे दोन्हींना इन्स्टंट म्हणतात. आत मात्र दोन वेगळी यंत्रं आहेत.

आधी एक आकडा सांगतो, पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. एक किलोवॅटचा हीटर मिनिटाला साधारण १४.३ लिटर पाणी एक अंशाने तापवतो. म्हणजे ३ किलोवॅटचा ४३ लिटर, एक अंशाने. हवं तर हेच ४३ दुसऱ्या तऱ्हेने वाटून घ्या: मिनिटाला ४.३ लिटर, १० अंशांनी, किंवा २.९ लिटर, १५ अंशांनी. कंपनी कुठलीही असो, पाणी तापायला लागणारी उष्णता ठरलेली आहे. त्यात कुणाची हुशारी चालत नाही.

हिशेबासाठी टाकीतलं पाणी २५ अंश धरू (थंडीत पहाटे याहून गार असतं, मे महिन्यात दुपारी स्लॅबवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला गीझरच लागत नाही). आंघोळीला ४० अंश पुरतं. म्हणजे १५ अंश वाढवायचे. बऱ्यापैकी शॉवर मिनिटाला ८ लिटर पाणी टाकतो. आठ पंधरे एकशेवीस, भागिले १४.३. उत्तर ८.४ किलोवॅट. २३० व्होल्टवर हा साडेछत्तीस अँपिअर प्रवाह झाला. तुमच्या बाथरूमबाहेरचा मोठा सॉकेट आहे १६ अँपिअरचा. तो फार तर ३.७ किलोवॅट देणार, म्हणून बहुतेक घरगुती गीझर ३ किलोवॅटवर थांबतात.

लागतं आठ, मिळतं तीन. या तुटीवर दोन डिझाइनरांनी दोन वाटा काढल्या.

पहिल्याने विचार केला, आंघोळीआधी अडीच-तीन मिनिटं माणूस बटण दाबून टॉवेल शोधतच असतो, तेवढ्यात थोडी उष्णता साठवून ठेवू. तीन लिटर पाणी २५ वरून ६५ वर न्यायला ३ किलोवॅटला पावणेतीन मिनिटं लागतात. मग लाल दिवा विझतो. हा आपला नेहमीचा तीन लिटरचा इन्स्टंट. नावात इन्स्टंट असलं तरी ही टाकीच आहे, फक्त लहान.

दुसऱ्याने टाकीच काढून टाकली. गार पाणी एका अरुंद वाटेने तापत्या तारेवरून जातं आणि जाता जाता तापतं. आत जेमतेम पेलाभर पाणी. याला बिनटाकीचा म्हणू या. स्वयंपाकघरातल्या सिंकवर बसवायचा विजेचा नळ मिळतो तो याचाच भाऊ.

आता गंमत बघा. तीन लिटरच्या डब्याचा नळ मिनिटाला ३ लिटर या बेताने सोडला, तर पहिलं पाणी ६५ अंशांचं येतं. मिनिटभराने ते ४९ वर उतरतं. तीन मिनिटांनी ४०-४१. त्यापुढे कितीही वेळ सोडा, ३९ च्या आसपास रेंगाळतं. म्हणजे पहिली तीन मिनिटं हा टाकीचा गीझर असतो आणि साठा संपला की मुकाट बिनटाकीचा होतो! कारखान्यात थर्मामीटर आणि फोनचं घड्याळ घेऊन पहिल्यांदा ही घसरण कागदावर काढली तेव्हा मला स्वतःलाच हसू आलं होतं. "आमचा इन्स्टंट आधी चांगला तापायचा, हल्ली मधेच गार होतो" या तक्रारीमागे निम्म्या वेळा नवीन बसवलेला मोठा शॉवर असतो.

बादलीवाल्यांना मात्र हा डबा अगदी मापाचा बसतो. १८ लिटरची बादली मिनिटाला ६ लिटरने भरा, तीन मिनिटं लागतात. साठवलेली उष्णता आणि त्या तीन मिनिटांत घातलेली, दोन्ही मिळून बादली साधारण ३८ अंशांवर येते. नळ जरा बारीक ठेवला तर चाळिशी गाठते. बिनटाकीच्या ३ किलोवॅटला तीच बादली ४० वर आणायला सहा मिनिटांच्या वर लागतात, आणि तेवढा वेळ नळ बारीकच ठेवावा लागतो.

आता मावशीची बाथरूम. तिला म्हटलं, "मिक्सरचा नळ नुसता गरम बाजूला सोड, गार बाजूला हात लावू नकोस." मापाचा जग लावला. लिटरभर भरायला २४ सेकंद, म्हणजे मिनिटाला अडीच लिटर. डोक्यावरच्या टाकीचा दाब तो केवढा असणार. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, इथे जेमतेम दोन-तीन मीटर. पण पाणी छान ४२ अंशांचं आलं. पेटीवरचा दिवा लागलेला.

"बघ, आत्ता चांगलं येतंय," मी म्हणालो.

"हो, पण हे जरा जास्त आहे ना." आणि तिचा हात आपसूक मिक्सरवर गेला. गार बाजू थोडी उघडली. पेटीत टक् झालं, दिवा विझला, दहा सेकंदांत पाणी गारढोण.

विसण घालणं आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. आजोळी तांब्याचा बंब होता, त्यातून कढत पाणी घंगाळात काढायचं, मग तांब्याने विसण घालत घालत अंगाला सोसेल असं करायचं. साठवणुकीच्या कुठल्याही गीझरची रीत हीच. आत कढत साठा, बाहेर गार पाणी मिसळून माप जमवायचं. (बंबात वरून गार तांब्या ओतला की नळीतून तेवढंच कढत बाहेर येई, तीन लिटरच्या डब्याचं काम याहून फार निराळं नाही.) बिनटाकीच्या हीटरमध्ये ही सवय उलटते. तिथे विसण घालायला जाल तर हीटरमधून जाणारं पाणी कमी होतं, कमी पाण्याला तेवढीच उष्णता मिळते, म्हणजे पाणी आणखी तापतं! मग तुम्ही आणखी विसण घालता. शेवटी धार इतकी बारीक होते की आतला पाण्याच्या प्रवाहाचा स्विच हीटर बंदच करतो. मावशीकडे दोन्ही बाजूंना पाणी एकाच अर्ध्या इंची पाइपातून येत होतं, त्यामुळे गार बाजू उघडताच गरम बाजूची धार पडायची. या यंत्रात पाणी गरम लागलं तर नळ मोठा करायचा असतो. हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

हीच पेटी घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये, पंपाच्या जोरदार दाबावर लावली तर तक्रार बरोबर उलटी येईल. मिनिटाला आठ लिटर धावलं की पाणी पाच-सव्वापाच अंशच तापतं. "गरमच होत नाही."

प्रवाहाचा तो स्विच एवढा कडक का ठेवावा लागतो? हाच आमच्या कामाचा अवघड भाग, म्हणून थोडं थांबून सांगतो. समजा नळ बंद झाला आणि हीटर चालू राहिला. तीन लिटरच्या डब्यात ३ किलोवॅटने पाणी चार सेकंदांना एक अंश चढतं. साधा पत्रीचा थर्मोस्टॅट आरामात जागा होतो, वीज तोडतो. आम्ही ४.५ किलोवॅटचा, आत ३०० मिलिलिटर पाणी असलेला बिनटाकीचा नमुना केला होता. त्यात हाच आकडा सेकंदाला साडेतीन अंशांच्या वर जातो. ४० अंशांचं पाणी १७ सेकंदांत उकळीला. थर्मोस्टॅटला डुलकी काढून चालत नाही. त्यामुळे पाणी वाहतंय का हे आधी विचारायचं आणि मगच वीज सोडायची. त्यासाठी पाण्याच्या वाटेत चुंबक बसवलेली एक चिमुकली चक्री असते, बाहेरचा सेन्सर तिचे फेरे मोजतो.

तेवढ्यानेही भागत नाही. हीटरची तार एका बंद नळीत भुकटी भरून बसवलेली असते, आणि वीज तोडली तरी त्या भुकटीत धग उरते. ती थांबलेल्या पाण्याला मिळते आणि साबण लावून झाल्यावर नळ परत सोडला की पहिला घोट चटका देतो. उघडी तार वापरली तर धग राहत नाही, पण मग वीज वाहणारी तार थेट पाण्यात. ब्राझीलमध्ये साडेपाच किलोवॅटचे शॉवर असेच उघड्या तारेचे, डोक्यावर लटकलेले असतात आणि कोट्यवधी लोक त्याखाली आंघोळ करतात. आपल्या इमारतींमधल्या अर्थिंगची अवस्था बघता मला ती छाती झाली नाही.

आम्ही ट्रायॅक (वीज भराभर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून ताकद कमी-जास्त करण्याचाही घाट घातला, म्हणजे विसणाची गरजच राहू नये. ट्रायॅक तापतो, म्हणून तो गार पाण्याच्या आत येणाऱ्या पाइपवरच चिकटवला. तेच पाणी त्याला थंड ठेवतं. ही युक्ती झकास चालली. मात्र साडेचार किलोवॅट भराभर चालू-बंद होताना चाचणीच्या खोलीतला दिवा असा लुकलुकायचा की आमचा हेल्पर म्हणाला, "साहेब, गणपतीची रोषणाई लावलीय का?" शिवाय साडेचार किलोवॅट म्हणजे साडेएकोणीस अँपिअर. १६ च्या सॉकेटला ते झेपत नाही; वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी. नमुना अजून कपाटात आहे.

जर्मनीत १८, २१, २४ किलोवॅटचे बिनटाकीचे हीटर सर्रास असतात, कारण तिथे घराघरात थ्री फेज, म्हणजे जास्त भार पेलणारी तीन तारांची वीज येते. ब्रिटनमधले विजेचे शॉवर आठ-दहा किलोवॅटचे, त्यांना थेट मीटर बोर्डावरून स्वतंत्र जाड वायर असते. या यंत्राची कीर्ती आपल्यापर्यंत आली ती तिकडून. इथे येताना नाव तेच राहिलं, किलोवॅट मात्र तीन झाले.

वीजबिलाचं विचाराल तर फारसं हाती लागत नाही. १८ लिटरची बादली १५ अंशांनी तापवायला कुठल्याही गीझरला पाव ते तृतीयांश युनिट लागतं. बिनटाकीचा वाचवतो ते फक्त साठून थंड होणारं पाणी. १५ किंवा २५ लिटरचा गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात हा फरक दिसतो, आंघोळीपुरतं बटण दाबणाऱ्या घरात शोधावा लागतो. साठवणुकीच्या गीझरवरचे वीजबचतीचे तारे (स्टार रेटिंग) मुळात याच गळतीचे असतात: चोवीस तासांत किती उष्णता वाया जाते त्याचे. म्हणून इन्स्टंटवर तारे शोधू नका. त्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ८९७८ हा आकडा बघा. साठवणुकीच्या गीझरचा आयएस २०८२ वेगळा.

क्षाराच्या बाबतीत तीन लिटरवाला सोशिक. नवी मुंबईला येणारं मोरबे धरणाचं पाणी बोअरच्या मानाने मऊच, पण घोडबंदरकडे टँकर किंवा बोअर चालू असलेल्या सोसायटीत हीटरवर पांढरा थर चढतो. मोठ्या डब्यात तो खाली पडून राहतो. बिनटाकीत वाटच अरुंद, तिथे थर म्हणजे चोंदलेला नळ, आणि चोंदलेला नळ म्हणजे परत तो टक् आवाज.

मावशीला हे सगळं सांगायला गेलो तर ती म्हणाली, "ते राहू दे, आता करायचं काय ते सांग." माळ्यावरून जुना डबा काढला. त्याची टाकी शाबूत होती, हीटरही ठणठणीत. थर्मोस्टॅट तेवढा गेलेला, आणि तो स्टेशनजवळच्या दुकानात मिळाला. दुपारपर्यंत डबा पुन्हा भिंतीवर चढला, लाल दिवा लागला, विझला, मावशीने कढत पाणी बादलीत घेतलं आणि समाधानाने दोन तांबे विसण घातलं.

पांढरी पेटी परत पाठवायची मुदत टळून गेली होती. ती आम्ही स्वयंपाकघरात सिंकवर लावली, ओव्हनच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर. तिथे गार पाणी मिसळायची बाजूच जोडली नाही. संध्याकाळी मावशीने भज्यांची कढई त्या धारेखाली धरली, तूपतेल सुटताना बघितलं आणि म्हणाली, "हे बरं आहे. भांड्यांना कुठे विसण लागतं?"