‘आवाज दिला’ म्हणजे नेमके काय केले?

एखाद्या नटाने पात्राला ‘आवाज दिला’ असे म्हणताना मराठीत आपण दोन निराळी कामे एकाच शब्दप्रयोगात कोंबतो: दुसऱ्या नटाच्या हलत्या ओठांवर आपल्या भाषेतले संवाद बसवणे, म्हणजे डबिंग, आणि पडद्यावरच्या चित्राला त्याचा मूळ आवाज देणे. फ्रेंच अभिनेते रोझे कारेल (1927–2020) यांनी ही दोन्ही कामे आयुष्यभर केली, त्यामुळे फरक पाहायला त्यांची कारकीर्द सोयीची आहे.

डबिंगमध्ये ओठ आधी हललेले असतात आणि आवाजाला त्यांच्यामागून जावे लागते. फ्रान्समध्ये यासाठी ‘बांद रितमो’ नावाची पट्टी वापरतात. मूळ चित्रपटात ओठ कुठे मिटले, कुठे उघडले, श्वास कुठे घेतला, याच्या खुणा आधी तिच्यावर केल्या जातात. मग फ्रेंच संवाद लिहिणारा प, ब, म ही ओष्ठ्य व्यंजने मिटल्या ओठांवरच पडतील असे शब्द शोधतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ही पट्टी चित्राखालून उजवीकडून डावीकडे सरकते आणि अक्षर उभ्या रेषेला टेकले की नटाने ते उच्चारायचे असते. शब्द लांबवायचा असेल, तर अक्षरेही ताणून लिहिलेली असतात. हातांनी, सुबक वळणात लिहिलेल्या त्या पट्टीची जागा आता संगणकाने घेतली असली, तरी पद्धत तीच राहिली आहे.

चॅप्लिनच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’च्या फ्रेंच आवृत्तीत कारेल यांनी हे अवघड काम केले. त्या मानाने ‘स्टार वॉर्स’मधला सोनेरी यंत्रमानव सी-थ्रीपीओ सोपा वाटतो, कारण त्याच्या मुखवट्याचे तोंड हलतच नाही, पण तिथेही मानेचे झटके आणि वाक्याची लांबी ती भूमिका करणारे मूळ नट अँथनी डॅनियल्स यांनीच ठरवून ठेवलेली होती.

मूळ आवाजाच्या कामात हा क्रम बहुधा उलटा असतो. संवाद आधी ध्वनिमुद्रित होतात आणि ते ऐकत चित्रकार तोंड रेखाटतात, त्यामुळे कुठे थांबायचे आणि कुठे घाई करायची हे नटाच्या हाती बरेच राहते. 1978 च्या ‘इल एते युन फ्वा… लॉम’ या फ्रेंच अ‍ॅनिमेशन मालिकेतला, दाढीत बुडालेला माएस्त्रो कारेल यांच्या आवाजात बोलतो, आणि त्या आवाजामागे दुसऱ्या कुणाचा मूळ आवाज नाही.

फ्रेंच चित्रकथांचा नायक अ‍ॅस्टेरिक्स याचेही तसेच आहे. 1959 पासून कागदावर असलेला हा गॉल, म्हणजे प्राचीन फ्रान्समधला योद्धा, 1967 च्या अ‍ॅनिमेशनपटात कारेल यांच्या तोंडून बोलू लागला. सी-थ्रीपीओचा फ्रेंच आवाज बदलला तरी डॅनियल्स यांचा मूळ आवाज शिल्लक राहतो. इथे तशी सोय नव्हती. म्हणूनच असेल, निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले कारेल 2014 च्या चित्रपटासाठी पुन्हा ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले. 2018 च्या पुढच्या अ‍ॅनिमेशनपटात ही भूमिका क्रिस्तियाँ क्लाविए यांच्याकडे गेली, ज्यांनी 1999 मध्ये नकली मिशा लावून तोच अ‍ॅस्टेरिक्स सदेह साकारला होता.