बंगल्याच्या जागी फ्लॅट स्कीम : नागपुरातल्या वादांची पार्श्वभूमी

धरमपेठ, शंकरनगर, बजाजनगर, लक्ष्मीनगर या भागांत बंगले पाडून फ्लॅट स्कीम उभ्या राहतात आणि त्यावरून जे वाद होतात, त्यांना झोनिंगचे वाद म्हणायची पद्धत पडली आहे. पण या वादांत झोन बदलतच नाही. विकास आराखड्यात निवासी भाग पिवळा दाखवतात. बंगला होता तेव्हा तो भूखंड पिवळा होता, बारा फ्लॅट झाले तरी पिवळाच राहतो. रंग बदलला असता तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली जाहीर सूचना निघाली असती आणि हरकतींना महिन्याची मुदत मिळाली असती. निवासीचे निवासीच राहते, म्हणून शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. परवानगी नाकारली तर कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते, पण ते अर्जदाराला. परवानगी दिली म्हणून ज्याच्या खिडकीपुढे भिंत आली, त्याला त्या कलमात जागा नाही.

पुढचा बराचसा इतिहास या एका गोष्टीतून निघतो. समोरचे दार बंद असल्याने हरकती बाजूच्या दारांनी येतात. झाड तोडण्याला विरोध होतो, पार्किंगची तक्रार होते, साईड मार्जिन (बाजूला सोडायची मोकळी जागा) मोजा म्हणून अर्ज पडतो, भाडेपट्ट्याची अट शोधून काढली जाते. मूळ राग लोकसंख्येचा असतो. अर्जात मात्र कडुनिंब असतो.

महाल-इतवारीत घराला घर चिकटून असते. भूखंडाच्या मधोमध घर आणि चारही बाजूंना मोकळी जागा हा प्रकार शहराला राजधानीच्या काळात सिव्हिल लाइन्सने दाखवला. मध्यमवर्गाच्या ऐपतीत तो बसवला १९३६ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या नागपूर सुधार प्रन्यास या नियोजन संस्थेने. प्रन्यासाने जमिनी घेतल्या, रस्ते आखले आणि भूखंड तीस वर्षांच्या नूतनीकरणक्षम भाडेपट्ट्याने दिले. पश्चिम नागपुरातल्या कित्येक वसाहतींच्या कागदपत्रांत हा भाडेपट्टा आजही आहे. इतर ठिकाणी नझूल, म्हणजे सरकारी मालकीची जमीन निघते आणि आखीव पत्रिकेवर, म्हणजे मिळकत पत्रिकेवर, शासनाचे नाव दिसते. गृहनिर्माण सहकारी संस्थांनीही लेआउट पाडले, पण त्यांनी सभासदांना घरे न देता प्लॉट दिले. त्यामुळे इथला जुना रहिवासी संस्थेचा सभासद असण्याच्या आधी स्वतःच्या प्लॉटचा मालक असतो. भाडेपट्ट्यात वापर ‘निवासी’ लिहिलेला असे. त्यात एक कुटुंब राहील की दहा, हा प्रश्न पडावा अशी त्या वेळची परिस्थिती नव्हती.

१९५६ मध्ये राजधानी गेली. त्यानंतर बरीच वर्षे जमिनीवर फारसा दाब आला नाही. फ्लॅटची कायदेशीर बैठक तयार झाली ती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाने. पाच किंवा अधिक सदनिका असतील तर घोषणापत्र नोंदवून प्रत्येकाला सदनिकेची आणि जमिनीतल्या अविभक्त हिश्श्याची मालकी देता येऊ लागली. मुंबई-पुण्यात सोसायटी रुजली, नागपूरने अपार्टमेंट आणि घोषणापत्राचा रस्ता धरला. ऐंशीच्या दशकात रामदासपेठ, धंतोली, धरमपेठेत ‘ग्राउंड प्लस थ्री’ दिसू लागले. व्यवहार साधा होता. मालकाने जमीन डेव्हलपमेंटला द्यायची, बिल्डरने बांधायचे आणि मालकाला ठरलेले फ्लॅट व वरचे पैसे मिळायचे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा फास मोठ्या मोकळ्या जमिनींभोवती होता. तयार घर असलेला मध्यम प्लॉट त्या मानाने बिनघोर होता, आणि बिल्डरच्या नजरेत तो भरला यात नवल नाही. राज्याने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला, तोपर्यंत बंगले पाडण्याची सवय पक्की झाली होती.

धंतोलीचे उदाहरण या चर्चेत नेहमी ओढले जाते, पण ते वेगळ्या जातीचे आहे. तिथे घरांची रुग्णालये झाली, म्हणजे वापरच बदलला. रुंदीला बेताच्या रस्त्यांवर रुग्णवाहिका, रिक्षा आणि नातेवाइकांच्या गाड्यांची रीघ लागली आणि रहिवाशांनी प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेले. फ्लॅट स्कीमला विरोध करणारे धंतोलीचा दाखला देतात तेव्हा गर्दीचा अनुभव सारखा असतो, कायद्याची बाजू सारखी नसते. रुग्णालयाच्या बाबतीत निदान ‘वापर बदलला’ असे म्हणता येते.

१९८६ ते २०११ या काळासाठीचा सुधारित विकास आराखडा मंजूर व्हायला २०००-०१ उजाडले, म्हणजे त्याची निम्म्याहून अधिक मुदत मंजुरीपूर्वीच संपली होती. त्याच सुमारास नवी विकास नियंत्रण नियमावली आली. शहरात नकाशे मंजूर करणारी कार्यालये दोन होती : प्रन्यासाच्या योजनांत प्रन्यास, उरलेल्या भागात महापालिका. तक्रार कुठे द्यायची हे कळायलाच लोकांना दोन चकरा लागत. दक्षिण आणि पूर्व नागपुरात आणखी एक गुंता होता. शेतजमिनीवर अकृषक परवानगीशिवाय पडलेले लेआउट त्यांच्या संख्येवरून आधी ‘५७२’ आणि मग ‘१९००’ या आकड्यांनीच ओळखले जाऊ लागले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करण्याची वाट काढली. विकास शुल्काची डिमांड नोट भरायची आणि आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र, घ्यायचे. आरएल नसलेल्या प्लॉटवर नकाशा मंजूर होत नाही, तरी तिथे मजले चढत राहिले.

मेट्रो आली आणि बंगल्यांच्या वसाहती पहिल्यांदाच धोरणाच्या नकाशावर ठळक झाल्या. २०१७ मध्ये मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत ४ पर्यंत एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते माप) देण्याची अधिसूचना निघाली. रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचे क्षेत्र जितके मोठे, तितका तो वाढत जाणारा होता. सीताबर्डीहून पश्चिमेला जाणाऱ्या मार्गिकेवर शंकरनगर आणि एलएडी चौक ही स्थानके आहेत. तिथून ५०० मीटरचा पट्टा काढला की त्यात काय येते, हे त्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. गंमत म्हणजे इथे हरकतींची संधी होती, कारण हा नियमातला बदल होता. पण कागदावर तो मेट्रोच्या खर्चाचा आणि प्रवाशांचा विषय होता. आपल्या गल्लीचा विषय म्हणून तो फार थोड्यांनी वाचला.

खरी उलथापालथ डिसेंबर २०२० मध्ये झाली. मुंबई आणि काही क्षेत्रे सोडून साऱ्या राज्याला एकच एकत्रित नियमावली लागू झाली आणि नागपूरची स्वतंत्र नियमावली गेली. आज चालणाऱ्या भांडणांपैकी बहुतेकांची मुळे या नियमावलीच्या एका तक्त्यात आहेत, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

तो तक्ता रस्त्याच्या रुंदीवर चालतो. महापालिका क्षेत्रात मूळ एफएसआय १.१. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढ्यावर समाधान मानायचे. प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून वाढवता येत नाही, टीडीआरही (दुसऱ्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला, विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) चढवता येत नाही. रस्ता ९ ते १२ मीटरच्या दरम्यान असेल तर ०.५ प्रीमियमचा आणि ०.४ टीडीआरचा मिळून आकडा २ वर जातो. त्यापुढे रुंदीबरोबर तो वाढत जातो. शिवाय निवासी बांधकामाला या सगळ्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र पैसे भरून घेता येते.

आता ३,००० चौरस फुटांचा प्लॉट घ्या. २५ फुटी रस्त्यावर मूळ ३,३०० चौरस फूट, पूरक धरून ५,२८० पर्यंत. तोच प्लॉट ३० फुटी रस्त्यावर असेल तर ६,००० आणि पूरक धरून ९,६०० पर्यंत. मार्जिन, उंची आणि पार्किंगच्या अटी यातले किती प्रत्यक्षात उतरू देतात हा पुढचा भाग, पण बिल्डर बोलणी करायला येतो तो या दुसऱ्या आकड्यासाठी. ६० टक्क्यांबद्दल विरोधक ज्या सुरात बोलतात तो मात्र पूर्ण बरोबर नाही. पूर्वी बाल्कनी, जिना, लिफ्ट यांतले बरेच क्षेत्र एफएसआयच्या हिशेबाबाहेर असे. नव्या नियमात बाहेरच्या भिंतीच्या आतले जवळजवळ सगळे मोजले जाते, आणि पूरक क्षेत्र त्याची भरपाई आहे. भरपाई ६० टक्के का, याला पटेल असे उत्तर या ओळी लिहिणाऱ्याला सापडलेले नाही.

नागपुरातले जुने लेआउट फुटांत आखलेले आहेत : २० फूट, २५ फूट, ३० फूट, ४० फूट. ३० फूट म्हणजे ९.१४ मीटर आणि ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर. दोन्ही आपापला उंबरठा जेमतेम ओलांडतात. अख्ख्या गल्लीचे भवितव्य १४ सेंटीमीटरवर टांगलेले असते, आणि वादाला तोंड फुटते ते इथेच. मंजूर लेआउटच्या नकाशात रस्ता ३० फुटी असतो. जागेवर कोणाची कंपाउंड वॉल पुढे आलेली असते, कोणी गेटसमोर उतार बांधलेला असतो, कोणी भिंतीबाहेर जास्वंदीचा वाफा केलेला असतो. बिल्डर मंजूर नकाशा दाखवतो. शेजारी टेप घेऊन मोजतो आणि फोटो काढतो. कार्यालय नकाशाला धरून चालते. मग शेजाऱ्याच्या बाजूने मोठी अडचण निघते. रस्ता अरुंद आहे हे सिद्ध करायला गेले, तर तो अरुंद करणाऱ्यांत तक्रारदाराची स्वतःची भिंत निघू शकते. मोका चौकशीत असे झाले की तक्रारीचा जोर गळतो. २५ फुटी गल्लीतल्यांनी आपण सुटलो असे समजू नये. प्लॉटची समोरची पट्टी सोडून रस्ता रुंद करून घेण्याची चर्चा अधूनमधून उठतेच.

नियमावली ठरली तेव्हा हरकती मागवल्या होत्या. मसुदा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पण शेकडो पानांच्या त्या दस्तऐवजातला एक तक्ता लक्ष्मीनगरच्या एका आडव्या गल्लीला काय करणार आहे, हे त्या वेळी ओळखणे वास्तुविशारदालाही सोपे नव्हते. संबंध राज्याला एक माप लावताना नागपूरच्या फुटी रस्त्यांचा वेगळा विचार झाला असता तर पुष्कळ डोकेदुखी वाचली असती, असे अनुभवी मंडळी खासगीत म्हणतात.

गल्लीत जे बदलते त्याची यादी सगळ्यांना पाठ आहे. एका कुटुंबासाठी टाकलेल्या गडर लाइनवर दहा कुटुंबे येतात आणि चेंबर तुंबतात. उन्हाळ्यात नळाला थेट लावलेले टिल्लू पंप वाढतात. स्टिल्ट पार्किंगमध्ये चौकीदाराची खोली होते, पाहुण्यांच्या गाड्या समोरच्याच्या गेटला लागतात. सिमेंट रस्त्यांनी यात भर घातली. रस्त्याची पातळी वाढली तशी जुनी घरे खाली गेली, तर नवी स्कीम वाढीव जोत्यावर उभी राहिली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात गेली, तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्यांचे संसार भिजले. पुराचे कारण तलाव, नाग नदीचे अडलेले पात्र आणि पाऊस हे होते, त्याचे खापर स्कीमवर फोडणे अन्यायाचे. पण मोकळ्या अंगणांची जागा पेव्हिंग ब्लॉकने घेतल्यावर पाणी मुरायचे कुठे, हा प्रश्न तेव्हापासून तक्रारअर्जांत येऊ लागला आहे.

ग्राहकाच्या बाजूनेही एक फट आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे साधारण ५,३८० चौरस फूट. बंगल्यांचे कितीतरी प्लॉट याच्या आत बसतात. म्हणजे ज्या स्कीमवर शेजारी भांडतात, नेमकी तीच अनेकदा रेराच्या नोंदवहीत नसते आणि तिचे मंजूर नकाशे घरबसल्या पाहता येत नाहीत. मग माहितीचा अधिकार, आणि पुन्हा चकरा.

चकरांचे ठिकाणही स्थिर राहिले नाही. २०१९ मध्ये प्रन्यास बरखास्त करण्याचा निर्णय झाला आणि शहराचे नियोजन महापालिकेकडे एकवटले. सरकार बदलल्यावर २०२१ मध्ये तो निर्णय फिरला. अर्धवट तक्रारींच्या फायली इकडून तिकडे गेल्या आणि भाडेपट्ट्याच्या अटींवर आधारलेले आक्षेप सगळ्यांत मागे पडले, कारण जमिनीचा पट्टेदाता एक आणि नकाशा मंजूर करणारा दुसरा. त्यात नियमितीकरणाच्या लाटा येत राहिल्या. २०१७ मध्ये ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांसाठी तडजोड शुल्काचे नियम आले, २०२१ मध्ये गुंठेवारीची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. जादा बांधलेल्या भागाविरुद्ध नोटीस निघेपर्यंत तो भाग शुल्क भरून नियमित होण्याची शक्यता असेल, तर शेजाऱ्याने कोणत्या आशेवर अर्ज करायचा?

मालकांचीही बाजू आहे, पण ती कोणी जाहीरपणे मांडत नाही. आई-वडील थकलेले, मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात, आणि चार भावंडांत एक बंगला वाटायचा असतो. भिंत घालून बंगला वाटता येत नाही, फ्लॅट वाटता येतात. शिवाय पहिली स्कीम उभी राहिली की शेजारच्या बंगल्याचे ऊन जाते, आडोसा जातो. राहण्याची जागा म्हणून त्याची किंमत उतरते आणि प्लॉट म्हणून चढते. पहिल्या स्कीमविरुद्ध सह्या करणाऱ्यांपैकी काहींचे करारनामे चार-पाच वर्षांत त्याच गल्लीत नोंदले गेलेले दिसतात.

शेजाऱ्याच्या हातात नक्की उरते ते १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातले. झाड तोडण्यापूर्वी झाडावर आणि वर्तमानपत्रात सूचना लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि जुन्या बंगल्यांतल्या आंब्या-कडुनिंबांचे वय त्याच सुमारास भरते. त्यामुळे उद्यान विभागाकडे येणाऱ्या हरकतींत झाडाचा घेर लिहून झाल्यावर दुसऱ्या परिच्छेदात बहुधा पार्किंग येते.