जनसहभागी प्रतिलेखन

जनसहभागी प्रतिलेखन : अभिलेखागारे, ग्रंथालये व विद्यापीठे यांच्या संग्रहांतील हस्तलिखिते, नोंदवह्या आणि जुनी वर्तमानपत्रे यांची छायाचित्रे आंतरजालावर मांडून त्यांतला मजकूर स्वयंसेवकांकडून टंकित करून घेण्याची पद्धत. नुसते छायाचित्र पाहता येते, पण त्यात शब्द शोधता येत नाही. ही उणीव भरून काढणे हा तिचा मूळ हेतू.

मराठी इतिहाससंशोधनात अशा कामाला ‘लिप्यंतर’ म्हणण्याची वहिवाट आहे, कारण येथे मजकूर मोडीतून बाळबोधीत येतो. रोमन लिपीतले हस्तलिखित रोमनमध्येच उतरवले, तर लिपी बदलत नाही. म्हणून येथे ‘प्रतिलेखन’ हा शब्द घेतला आहे. ‘क्राउडसोर्सिंग’ ही प्रचलित संज्ञा जेफ हाऊ या पत्रकाराने जून २००६ मध्ये ‘वायर्ड’ मासिकातील लेखातून रूढ केली. ती उद्योगजगतातून आली असून अभिलेखागारांच्या कामाला ती सैलच बसते. येथे गर्दी क्वचितच असते.

पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशापर्यंत मागे नेतात. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये या कोशाची कल्पना उचलली. १८७९ मध्ये संपादक जेम्स मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या जनतेला आवाहन केले आणि जगभरातून अवतरणांच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. काम विनामोबदला होते, वाटून दिलेले होते आणि टपालाने चालत होते, एवढे साम्य खरेच. परंतु ते वाचक पुस्तकांतून वाक्ये वेचून पाठवीत. समोरचे पान जसेच्या तसे उतरवून काढणे, आणि एकाने केलेले दुसऱ्याने तपासणे, ही प्रस्तुत पद्धतीची दोन्ही लक्षणे तेथे दिसत नाहीत. १९७१ मध्ये मायकेल हार्ट यांनी सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या मुक्त ई-पुस्तकांच्या संग्रहामध्ये स्वयंसेवक होते, पण बहुधा एक पुस्तक एका माणसाकडे असे. पुस्तक फोडून एकेक पान वेगवेगळ्या हातांत द्यायचे आणि ते तपासणीच्या अनेक फेऱ्यांतून न्यायचे, ही रीत चार्ल्स फ्रँक्स यांच्या २००० सालच्या ‘डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स’मध्ये स्पष्ट दिसते. उगम तेथे धरणे अधिक सयुक्तिक वाटते. शब्दकोशाला फार तर पूर्वज म्हणता येईल.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ मध्ये जुनी वर्तमानपत्रे आंतरजालावर आणली, तेव्हा यंत्राने वाचलेल्या मजकुरातल्या चुका वाचकांनी ओळीओळीने सुधारण्याची सोय ठेवली. सुधारणा लगेच दिसू लागे, पूर्वतपासणी नव्हती. हा संग्रह पुढे ‘ट्रोव्ह’ या त्याच ग्रंथालयाच्या शोधस्थळामध्ये समाविष्ट झाला. नेमके उलटे धोरण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सप्टेंबर २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘ट्रान्सक्राइब बेंथम’ या प्रकल्पाचे. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम (१७४८–१८३२) यांचे सुमारे ६०,००० पृष्ठपत्रांचे कागद तेथे आहेत आणि हस्ताक्षर उतारवयाकडे फार दुर्बोध होत गेले आहे. प्रत्येक पान प्रकल्पाचे संपादक तपासूनच स्वीकारतात. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे १,२०० जणांनी नाव नोंदवले. त्यांतल्या साधारण पाचातल्या एकाने प्रत्यक्ष काही लिहिले, आणि झालेल्या कामापैकी जवळजवळ ७० टक्के काम अवघ्या सात जणांचे होते. तपासणीत गेलेल्या वेळेत संपादकांनी स्वतःच पाने उतरवली असती, तर जास्त झाली असती, असे प्रकल्पाच्या चालकांनीच मांडले. पुढे मुरलेल्या स्वयंसेवकांच्या पानांना कमी तपासणी पुरू लागली आणि हा हिशेब बदलला.

विकिस्रोत या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त ग्रंथालयाची पद्धत या दोहोंच्या मधली म्हणता येईल. तेथे पानाची स्थिती रंगाने कळते : न तपासलेले पान लाल, एकदा तपासलेले पिवळे, आणि दुसऱ्या सदस्याने पडताळले की हिरवे. पिवळे करणाऱ्याला स्वतःचेच पान हिरवे करता येत नाही. मराठी विकिस्रोतावर हेच चालते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी ग्रंथ मुक्त होतो. त्यामुळे वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्यासारख्यांचे लेखन तेथे घेता येते.

मोडी कागदांबाबत अडचण निराळ्या जातीची आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ चा. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासूनच्या काही वर्षांत संपादित केले. पण ती निवड होती. रुमालांत बांधलेले कागद त्याच्या कितीतरी पट आहेत. मोडीत ओळ आधी शिरोरेघ ओढून मांडली जाई आणि हात न उचलता लिहिले जाई. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. अक्षरे ओळखू आली तरी वाचन संपत नाही. पत्राच्या शेवटी ‘छ ७ मोहरम’ असेल, तर ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात चांद्र तारीख, हे माहीत असावे लागते. ‘सु॥ खमस अर्बैन मया व अलफ’ यात ‘सु॥’ म्हणजे शुहूर सन, ही अरबी संख्यानामांनी लिहिली जाणारी कालगणना; पुढचे शब्द पाच, चाळीस, शंभर व हजार मिळून शुहूर सन ११४५, म्हणजे इ. स. १७४४–४५. नवख्याने येथे एक शब्द गाळला की पत्र दुसऱ्याच पेशव्याच्या काळात जाऊन पडते. त्यामुळे बेंथमच्या कागदांना जी तपासणी पुरली, ती येथे पुरणार नाही. मोडीवाचनाचे वर्ग आधी आणि संकेतस्थळ नंतर, हाच क्रम योग्य.

स्वयंसेवकांना कळतही नसेल अशा श्रमाचा प्रकार येथे जमेस धरलेला नाही. लुईस फॉन आन यांच्या ‘रीकॅप्चा’त (२००७) संकेतस्थळात शिरताना, आपण यंत्र नसून माणूस आहोत हे पटवण्यासाठी विचारलेले शब्द टंकताना लोक न्यू यॉर्क टाइम्सचे जुने अंक उतरवून देत होते.

हस्ताक्षर वाचणारी यंत्रे शिकवण्यासाठी अशीच तयार प्रतिलेखने लागतात. बेंथमची पाने २०१३ च्या ‘ट्रान्सक्रिप्टोरियम’ प्रकल्पात त्यासाठी वापरली गेली, आणि त्या वाटेने पुढे ‘ट्रान्सक्रिबस’ हे साधन तयार झाले. मोडी लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, २०१४ साली जागा मिळाली.